एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश वास्तववादी कादंबरी ही फ्रेंच कादंबरीची नक्कल आहे का?

बाल्झाक, फ्लोबेर आणि झोला हे फ्रेंच कादंबरीकार वाचून झाल्यावर स्पॅनिश वास्तववादी कादंबऱ्यांत वेगळे असे काही उरते का, की ती सारी नक्कलच आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती नक्कल मुळीच नाही, आणि तिचे वेगळेपण कथानकापेक्षा निवेदक कोठे उभा आहे यात अधिक दिसते.

स्पॅनिश लेखकांवर फ्रेंचांचे ऋण आहे, याबद्दल वाद नाही. एमिलिया पार्दो बासान यांनी १८८२-८३ मध्ये झोलाच्या निसर्गवादावर, म्हणजे माणूस आनुवंशिकता आणि परिस्थिती यांनी घडतो असे मानणाऱ्या लेखनपद्धतीवर, लेखमाला लिहिली, तेव्हा एका स्त्रीने, तीही श्रद्धाळू कॅथलिक स्त्रीने, हा विषय हाताळावा याचा मोठा गहजब झाला. पण कादंबरीला खरा विषय पुरवला तो १८६८ च्या क्रांतीने. राणी इसाबेल देशाबाहेर गेली, परदेशातून आणलेला राजा टिकला नाही, १८७३ मध्ये आलेले प्रजासत्ताक दोन वर्षांच्या आत मोडले आणि जुने राजघराणे परतले. एवढी उलथापालथ होऊनही कोणत्या घरात कोणाला जेवायला बोलवायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे फारसे बदलले नाही.

बेनितो पेरेस गाल्दोस यांच्या ‘फोर्तुनाता आणि हासिंता’ (१८८६-८७) मधला निवेदक हा माद्रिदमधलाच एक ओळखीचा माणूस आहे. नायकाची सर्वांत जुनी माहिती आपल्याला त्याच्या एका मित्राकडून मिळाली, असे तो पहिल्याच वाक्यात सांगतो. त्यामुळे पुढचे सारे आपण शेजाऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखे ऐकतो. श्रीमंत कापडव्यापाऱ्यांच्या घरातला हा नायक, हुआनितो, एका आजारी परिचिताला भेटायला काव्हा दे सान मिगेल या रस्त्यावरच्या जुन्या घरी जातो. कोंबड्यांच्या दुकानातून आत शिरून तो दगडी जिना चढू लागतो, तेव्हा तेथे एक देखणी तरुणी, फोर्तुनाता, काहीतरी खात असते. काय खातेस, असे तो विचारतो. कच्चे अंडे, असे कळल्यावर त्याला किळस येते. ती मात्र कवचात उरलेले अंडे सहजपणे त्याच्यापुढे करते, तो नाही म्हणताच स्वतःच चोखून संपवते आणि टरफल भिरकावते. दोन वर्गांमधले अंतर आणि ओढ इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रसंग माझ्या वाचनात नाही. शेकडो पानांनंतर फोर्तुनाता याच घरात मरते आणि तिचे मूल हासिंताकडे, म्हणजे हुआनितोच्या पत्नीकडे, जाते.

क्लारीन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेओपोल्दो आलास यांच्या ‘ला रेखेंता’ (१८८४-८५) मध्ये अख्खे गावच पहारा देत असते. वेतुस्ता हे कल्पित शहर म्हणजे ओव्हिएदो, हे वाचकांनी लगेच ओळखले. आरंभीच फेर्मिन दे पास हा महत्त्वाकांक्षी धर्मगुरू कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढतो आणि दुर्बिणीतून लोकांची घरे न्याहाळतो. कादंबरीचा पहिला अर्धा भाग अवघ्या तीन दिवसांचा आणि दुसरा तीन वर्षांचा आहे. या संथ गतीमुळेच नायिका आना ओसोरेसचा कोंडमारा वाचकाच्या अंगावर येतो. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’मधल्या एम्माशी तिची तुलना होते, ती योग्यही आहे. पण आनाला गिळून टाकते ती चर्चमधली पापकबुलीची खोली, कॅसिनो या क्लबातल्या गप्पा आणि गावाची नजर.

आपण आरंभ मात्र गाल्दोस यांच्या ‘मिसेरिकोर्दिया’ (१८९७) या तुलनेने छोट्या कादंबरीने करावा, असे मी सुचवीन. त्यात बेनिना ही मोलकरीण आपल्या कंगाल मालकिणीला जेवू घालण्यासाठी चर्चच्या दाराशी भीक मागते आणि मालकिणीला ते कळू नये म्हणून आपण रोमुआल्दो नावाच्या धर्मगुरूंकडे काम करतो अशी थाप मारते. हा माणूस तिने मनातून रचलेला असतो. पुढे त्याच नावाचा एक खराखुरा धर्मगुरू वारशाची बातमी घेऊन दारात येतो, मालकीण श्रीमंत होते, आणि त्या घरात बेनिनाला जागा उरत नाही.