लोगोतली मिरची आधी काढा

प्रश्न : आमचा बचत गट कांदा-लसूण मसाला करतो. पाकिटावर लाल मिरची आणि खलबत्ता आहे, पण दुकानाच्या फळीवर आमचं पाकीट ओळखूच येत नाही. ‘जरा वेगळा विचार करा’ असं सगळेच सांगतात. तो करायचा कसा? — एक वाचिका, कराड

उत्तर : त्याच फळीवरची दहा पाकिटं समोर मांडा आणि सगळ्यांत सारखं काय दिसतं ते लिहा. लाल रंग, मिरची, खलबत्ता, नऊवारीतली बाई. आता एकेक गोष्ट उलटी करून बघा. पाकीट लालच का? मसाला लाल म्हणून. मग पारदर्शक खिडकीतून तो मसालाच दिसू द्या आणि बाकी पाकीट गडद निळं करा. खिडकी मात्र लहान हवी, उजेडाने तिखटाचा रंग उडतो.

चिन्हासाठी असंबद्ध शब्दाची युक्ती वापरा. ‘लॅटरल थिंकिंग’ (नेहमीची वाट सोडून विचार करणं) हा शब्द १९६७मध्ये रूढ करणाऱ्या एडवर्ड डी बोनो यांचीच ती. मसाल्याशी संबंध नसलेली ६० नामं लिहा. त्यांना क्रमांक द्या आणि घड्याळाचा सेकंदकाटा ज्या सेकंदावर असेल, त्या क्रमांकाचा शब्द घ्या. आवडला नाही म्हणून बदलू नका. मनाजोगता शब्द शोधायला लागलात की फिरून मिरचीपाशीच याल.

समजा ‘छत्री’ आली. काड्या, दांडा, घडी, थेंब, वरून दिसणारा गोल... पाच मिनिटांत सुचेल ते लिहा. लसणाचा गड्डा आडवा कापला की मधल्या देठाभोवती पाकळ्या अशाच गोल बसलेल्या दिसतात. झालं की चिन्ह! पण घाई नको. दहा जणांना न सांगता दाखवा; निम्मे तरी ‘फूल’ म्हणतील, आणि मसाल्यावर फूल म्हणजे अगरबत्ती. उपाय सोपा आहे : एक पाकळी काढून जागा रिकामी ठेवा. सोलायला घेतलेला लसूण लगेच कळतो. ॲपलच्या सफरचंदाचा घास याच कामाचा. रॉब जॅनॉफ यांनी १९७७मध्ये तो ठेवला, कारण लहान आकारात सफरचंद चेरीसारखं दिसायला नको होतं.

एका शब्दावर निदान वीस चित्रं काढा, ३ सेंमीच्या चौकटीत, काळ्या पेनाने. रंग शेवटी. निवडलेलं चिन्ह १ सेंमीला छापून हातभर अंतरावरून बघा. पाकळ्यांमधल्या फटी बुजल्या तर पाकळ्या कमी करा. प्लास्टिकवर शाई पसरते, तिथे त्या आणखी बुजतात.

प्रश्न : मोबाइल ॲपमधल्या तयार साच्यावरून लोगो केला. नोंदणी करू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा. तोच साचा आणखी कोणीही वापरू शकतो, त्यामुळे हक्क सांगणं अवघड जातं. चित्र स्वतःचं करा, मग ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर मिळतंजुळतं चिन्ह आहे का ते शोधा. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत, त्यांत मसाले वर्ग ३०मध्ये येतात. नोंदणी हाती येईपर्यंत ‘टीएम’ (ट्रेडमार्क) लिहा; गोलातला ‘आर’ म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, ती आधीच छापणं बेकायदेशीर आहे.