बाबांना माझा राग कळतच नाही! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. आधी मी फोनवर नुसतं हॅलो म्हटलं तरी "काय झालं गं?" म्हणून विचारायचे. आता मी समोर फुगून बसलेली असते, "काही नाही, ठीक आहे" म्हणते आणि ते खरंच ठीक आहे असं समजून मॅचबद्दल बोलायला लागतात. औषधं, बँक सगळं स्वतः बघतात, विसरत काही नाहीत. ही डिमेन्शियाची सुरुवात आहे का, की आता त्यांना माझं काही पडलेलंच नाही?

उत्तर : तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तरी दोन्ही वाटत नाही. वय वाढलं की समोरच्याचा राग, भीती, दुःख चेहऱ्यावरून ओळखणं अवघड जातं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ टेड रफमन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच निघालं, आणि गंमत म्हणजे किळस ओळखण्यात वयस्कर मंडळी अजिबात मागे नव्हती, उलट जरा पुढेच होती. म्हणजे सगळंच सरसकट मंदावतं असं नाही.

याचं एक कारण मेंदूत आहे, भावना टिपणारा अमिग्डाला आणि कपाळामागचा भाग वयानुसार वेगळ्या पद्धतीने काम करायला लागतात. दुसरं कारण नजरेत. डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या यंत्रावर बऱ्याचदा असं दिसतं की वयस्कर माणसं समोरच्याच्या डोळ्यांपेक्षा तोंडाकडे जास्त बघतात. आता किळस नाकातोंडाशी दिसते पण राग नि भीती मुख्यतः डोळ्यांत आणि भुवयांत असते, आणि तुमचं ते "ठीक आहे" आठवा, ओठ अगदी शिस्तीत, सगळा राग वर भुवयांत! त्यात साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यामुळे संध्याकाळी अर्ध्या उजेडात बसून तुम्ही भुवया कितीही आक्रसल्यात तरी उपयोग काय.

आवाजाचंही तसंच. कान कमी झाले की नुसते शब्द पकडण्यातच मेंदूची शक्ती जाते, मग ते कुठल्या सुरात बोललं गेलं याकडे लक्ष द्यायला फारसं काही उरत नाही. म्हणून आधी बाबांचे कान आणि डोळे तपासून घ्या. मशीन लावलं की सूर कळायला लागेलच असं मात्र नाही, कारण ऐकू नीट येत असलेल्यांनाही वयानुसार आवाजातली भावना ओळखणं जड जातं.

"त्यांना पडलेलं नाही" याबद्दल : अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं की पुढचा वेळ थोडा उरलाय असं वाटायला लागलं की माणसाचं लक्ष आपोआप चांगल्या गोष्टींकडे जास्त जातं, कडू गोष्टींवरून ते लवकर सरकतं. मला हे बरंचसं पटतं, पण त्यामुळे तुमचं रुसणं वाया जातं हेही खरंच. आणखी एक, यातल्या बऱ्याच चाचण्या अनोळखी चेहऱ्यांच्या फोटोंवर केलेल्या असतात. माणूस ओळखीचं असलं, आधी काय घडलं ते माहीत असलं की वयाचा फरक बराच कमी होतो. तेव्हा कोडी घालू नका, सरळ सांगा, "बाबा, काल तुम्ही जे बोललात त्याचा मला राग आलाय." बघा मॅच बंद होते की नाही.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा. नातू टोमणा मारतो तो मला खरा वाटतो, मग सगळे हसतात. वर मी नुसता पेपर वाचत बसलो तरी "आजोबा, चिडलात का?" चूक कुणाची?

उत्तर : अर्धी अर्धी करू. "वा, काय वेळेवर आलात!" यात शब्द एक सांगतात, सूर उलटं सांगतो, आणि दोन्ही एकदम डोक्यात धरून खरा अर्थ काढायला लागतो. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या लुईस फिलिप्स आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये दिसलं की असा उपरोध पकडणं वयस्करांना जड जातं, मनापासून बोललेलं मात्र नीट समजतं. हसू देत त्यांना, "म्हणजे काय रे?" असं बिनधास्त विचारा, समजावून सांगायला लागलं की टोमण्याची मजाच जाते.

चिडलात का, ही चूक मात्र त्यांची. उर्सुला हेस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तरुण आणि वृद्ध चेहऱ्यांवर एकच भाव दाखवून लोकांना विचारलं, तर सुरकुत्यांमुळे वृद्ध चेहऱ्यावरचा भाव नीट वाचता आला नाही, सुरकुतीलाच लोक भाव समजतात. आणि डोळ्यांवरून मन ओळखण्याची हातोटी २०१५ च्या एका मोठ्या ऑनलाइन अभ्यासात चाळिशी ते साठीपर्यंत सगळ्यात चांगली निघाली, विशीत नाही, हे नातवाला ऐकवाच.

प्रश्न : आई (७१) कुणावरही विश्वास ठेवते. "चेहऱ्यावरून भला वाटला" म्हणते. काय करू?

उत्तर : कॅलिफोर्नियात शेली टेलर यांच्या गटाने २०१२ मध्ये हेच तपासलं. चेहऱ्यावरूनच लबाड वाटणारी माणसं वयस्करांना तरुणांपेक्षा जास्त भरवशाची वाटली, आणि जे "काहीतरी गडबड आहे" असं पोटात वाटतं त्याच्याशी जोडलेला मेंदूचा इन्सुला नावाचा भाग त्यांच्यात कमी पेटला. म्हणून माणूस कसा दिसतो यावरून आईशी वाद घालू नका, तुम्ही हराल. नियम करा : पैसे, ओटीपी किंवा सही मागितली की समोरचा कितीही भला असो, उत्तर "मुलाला विचारून सांगते". फोनवरच्या माणसाला तर चेहराच नसतो, तिथे हा नियम आणखी कडक.

प्रश्न : मिस्टर ५८ वर्षांचे. दोन वर्षांत पार बदललेत, कुणी रडत असलं तरी जोक करतात, मला ताप आला तर विचारतही नाहीत. वयामुळेच ना?

उत्तर : नाही, हे वयावर ढकलू नका. वयाचा फरक हळूहळू पडतो आणि माया तशीच राहते. पन्नाशी-साठीत स्वभावच बदलला, सहानुभूती गेली, तर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची (मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागांच्या आजाराची) शंका घ्यावी लागते, त्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते म्हणून घरचे फसतात. डिप्रेशन, थायरॉइड, औषधांचे परिणाम हेही तपासावं लागतं. न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि तुम्ही सोबत जाच, कारण ते स्वतः "मला काही झालेलं नाही" असंच सांगतील. कधी काय केलं ते तारखेसकट लिहून न्या.