मेलिंग लिस्टचा कारभार ब्राउझरमधून : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय वेगवेगळ्या तोंडांनी आला आहे. संस्थेची मेलिंग लिस्ट स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची आहे, परंतु सभासद घेणे, काढणे, अडलेली पत्रे सोडणे ही रोजची कामे टर्मिनलवर कमांड न देता ब्राउझरमधून व्हायला हवीत. पत्रलेखकांपैकी जवळजवळ सर्वांनी ग्नू मेलमन हे मेलिंग लिस्ट चालवणारे सॉफ्टवेअर निवडले आहे किंवा ते निवडण्याच्या बेतात आहेत, म्हणून पुढील उत्तरे लिनक्स सर्व्हर, पोस्टफिक्स (पत्रांची ने-आण करणारा मेल सर्व्हर) आणि मेलमन ३ एवढे गृहीत धरून दिली आहेत.

आमच्या माजी विद्यार्थी संघाची लिस्ट मेलमन २.१ वर अनेक वर्षे बिनबोभाट चालू आहे. तिला वेब पेज आहेच. मग मेलमन ३ चा खटाटोप कशासाठी? (पुणे)

मेलमन २.१ हे पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालते आणि पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला. तुमचा सर्व्हर आज चालतो आहे तो जुनी ऑपरेटिंग सिस्टीम तशीच ठेवल्यामुळे. ज्या दिवशी ती बदलावी लागेल, त्या दिवशी हे काम घाईघाईने करावे लागेल, आणि मेलच्या सर्व्हरवर घाई महागात पडते.

याखेरीज एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मेलमन २.१ मध्ये लिस्टच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड लिस्टमागे एक असतो आणि तो आजीमाजी सर्व सचिवांना ठाऊक असतो. सभासदांचे पासवर्ड तर दर महिन्याच्या १ तारखेला साध्या मजकुरात मेलने पाठवण्याची तिची जुनी रीत आहे. मेलमन ३ मध्ये प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र खाते असते, एका खात्यातून सर्व लिस्टा दिसतात, आणि मालक किंवा मॉडरेटर हा हुद्दा त्या व्यक्तीच्या ईमेल पत्त्याला जोडला जातो. सचिव बदलला की जुन्याचे नाव काढायचे आणि नव्याचे घालायचे, एवढेच काम उरते.

स्थलांतरासाठी जुन्या लिस्टची ‘कॉन्फिग डॉट पीसीके’ ही फाइल मेलमनच्या ‘इम्पोर्ट २१’ या कमांडला द्यावी लागते. सभासद आणि बहुतेक सेटिंग्ज तिच्यातून येतात. जुनी पत्रे येतात ती एमबॉक्स फाइलमधून (सर्व पत्रे एकापाठोपाठ साठवलेली एकच फाइल), आणि ही फाइल आधी तपासून घ्यावी. एमबॉक्समध्ये प्रत्येक नवे पत्र ‘फ्रॉम’ या शब्दाने आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेने सुरू होते. एखाद्याने पत्राच्या मजकुरातच ‘फ्रॉम’ने ओळ सुरू केली असेल आणि ती ओळ नीट राखलेली नसेल, तर एका पत्राची दोन पत्रे होतात आणि दुसऱ्याला ना लेखक उरतो ना तारीख. जुन्या संग्रहाची एचटीएमएल पाने मात्र जुन्याच पत्त्यावर राहू द्यावीत, कारण त्यांचे दुवे कुठेकुठे दिलेले आहेत याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

वेब पेज उघडते, पण आत जाताच ‘मेलमनचे रेस्ट एपीआय उपलब्ध नाही, कोअर सुरू करा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. कोअर तर चालू आहे. (कोल्हापूर)

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेलमन ३ हा एक प्रोग्राम नसून तीन प्रोग्रामांचे बिऱ्हाड आहे. पत्रे घेणे, तपासणे आणि वाटणे हे ‘कोअर’चे काम आहे. ‘पोस्टोरियस’ हा व्यवस्थापनाचा वेब पडदा आहे. ‘हायपरकिटी’ जुन्या पत्रांचा संग्रह दाखवते. यांतले शेवटचे दोघे जँगो या पायथनमधील वेब चौकटीवर बेतलेले आहेत आणि ते कोअरच्या पोटात राहत नाहीत. तुम्ही ब्राउझरमध्ये ‘सभासद वाढवा’ हे बटण दाबता, तेव्हा पोस्टोरियस स्वतः काहीच करत नाही. तो कोअरला, साधारणपणे त्याच यंत्रावरच्या ८००१ या पोर्टवर (सेवेच्या दार-क्रमांकावर), नाव आणि पासवर्ड सांगून विनंती करतो (विनंतीची ही वाट म्हणजेच ‘रेस्ट एपीआय’) आणि मिळालेले उत्तर तुम्हाला दाखवतो. तुम्हाला दिसलेल्या संदेशाचा अर्थ एवढाच, की खिडकीतल्या कारकुनाला आतल्या खोलीतून उत्तर मिळालेले नाही.

उत्तर न मिळण्याची कारणे तीन असतात. पहिले म्हणजे कोअर खरोखरच बंद असणे. दुसरे म्हणजे पत्ता किंवा पोर्ट दोन ठिकाणी वेगवेगळे लिहिलेले असणे. तिसरे कारण पासवर्डचे आहे आणि ते पटकन डोळ्यांना दिसत नाही. तो पासवर्ड दोन फाइलींत लिहावा लागतो. कोअरची ‘मेलमन डॉट सीएफजी’ ही साध्या ‘नाव, दोन बिंदू, किंमत’ अशा धाटणीची फाइल आहे, तर जँगोची सेटिंग्जची फाइल हा पायथनचा कोड आहे. पायथनमध्ये पासवर्डभोवती अवतरणचिन्हे लागतातच. तीच सवय हातात राहून कोणी पहिल्या फाइलीतही अवतरणचिन्हे घातली, तर तिथे ती पासवर्डचाच भाग मानली जातात. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून पाहिल्या तर पासवर्ड अगदी सारखा दिसतो आणि तरीही जुळत नाही. माझी स्वतःची एक अख्खी दुपार या दोन चिन्हांनी खाल्ली आहे.

तपासण्याचा सोपा मार्ग असा, की सर्व्हरवरच ‘कर्ल’ या टर्मिनलवरून वेब विनंती पाठवणाऱ्या कमांडने ८००१ पोर्टवर तेच नाव आणि तोच पासवर्ड देऊन विचारणा करावी. जोडणीच नाकारली गेली तर कोअर बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे. ४०१ हा क्रमांक आला तर पासवर्ड चुकला आहे. व्यवस्थित उत्तर आले तर दोष पोस्टोरियसच्या बाजूला आहे. कोणतीही फाइल बदलल्यावर कोअर आणि वेबची सेवा या दोन्ही पुन्हा सुरू कराव्यात.

मेलमनसोबत येणारा मूळचा पासवर्ड जगजाहीर आहे, तो पहिल्याच दिवशी बदलावा. ८००१ हा पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडा ठेवू नये, कारण तिथे पोहोचणारा माणूस कोणत्याही लिस्टचा मालक होऊ शकतो. बाहेरून दिसावे ते फक्त एनजिनएक्स किंवा अपाचे या वेब सर्व्हरच्या मागे, एचटीटीपीएसवर चालणारे वेब पेज.

व्यवस्थापकाचे खाते तयार केले, पण लॉगिन करताना पत्त्याची खात्री करण्यास सांगितले जाते आणि खात्रीचा मेल काही येत नाही. (ठाणे)

हा मेल कोअर पाठवत नाही, जँगो पाठवते, म्हणून लिस्टची पत्रे सुरळीत जात असली तरी हा अडकू शकतो. जँगोच्या सेटिंग्जमध्ये मेल सर्व्हरचे नाव, पोर्ट आणि पाठवणाऱ्याचा पत्ता भरला आहे का ते पाहा. मेल आला पण त्यातल्या दुव्यात ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ दिसत असेल, तर जँगोच्या प्रशासन पानावरील ‘साइट्स’मध्ये जाऊन तेच नाव संपादित करा. ते पुसून नवे तयार केले, तर त्याला नवा क्रमांक मिळतो, आणि सेटिंग्जमधला साइट क्रमांक जुनाच राहिल्यामुळे दुसरी भानगड उभी राहते.

पोस्टोरियसमध्ये लिस्ट तयार झाली, सभासदही आले, पण लिस्टच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणून परत येते. (नागपूर)

पोस्टोरियसने लिस्ट तयार केली हे पोस्टफिक्सला कोणी सांगितलेले नाही. मेलमन आपल्या डेटाच्या फोल्डरमध्ये सर्व लिस्टांच्या पत्त्यांच्या फाइली लिहून ठेवते. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलीत ट्रान्सपोर्ट मॅप्स आणि स्थानिक पत्त्यांच्या यादीत त्या फाइलींचा मार्ग दिला, की आलेले पत्र एलएमटीपीने (एकाच यंत्रावर पत्र हवाली करण्याच्या पद्धतीने) ८०२४ या पोर्टवर कोअरकडे सुपूर्द होते. एकदा ही जोडणी केली की पुढच्या लिस्टा आपोआप ओळखल्या जातात. फाइली रिकाम्या असतील तर ‘मेलमन अलायसेस’ ही कमांड चालवावी, मात्र ती रूट (सर्वाधिकारी खाते) म्हणून नव्हे, तर मेलमनच्या खात्यातून. रूटने लिहिलेल्या फाइलींवर पुढे मेलमनलाच लिहिता येत नाही.

पत्रे सर्वांना पोहोचतात, पण हायपरकिटीचा संग्रह रिकामा आहे. ती पत्रे गेली का? (पणजी)

बहुधा गेलेली नाहीत. कोअर आणि हायपरकिटी यांच्यामध्ये आणखी एक किल्ली आहे, तीही दोन फाइलींत सारखी असावी लागते. ती जुळेपर्यंत पत्रे कोअरच्या संग्रहाच्या फोल्डरमध्ये रांगेत थांबून राहतात आणि किल्ली दुरुस्त झाल्यावर पुढच्या पत्राबरोबर आत जातात. अवतरणचिन्हांचा घोळ इथेही होतो.

लिस्टच्या प्रत्येक पत्राखाली मराठी तळटीप हवी आहे. ती पोस्टोरियसमध्ये लिहिली, पण सभासदांना प्रश्नचिन्हांची रांग दिसते. (छत्रपती संभाजीनगर)

तळटीप, स्वागताचे पत्र, निरोपाचे पत्र हे सर्व पोस्टोरियसच्या ‘टेम्प्लेट्स’ विभागात मराठीत लिहिता येते, आणि ते लिहावेच. नव्या सभासदाला आलेले पहिले पत्र मराठीत असले तर तो ते स्पॅम म्हणून फेकत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रश्नचिन्हे येतात ती लिस्टच्या भाषेसाठी नेमलेल्या अक्षरसंचामुळे. लिस्टची भाषा इंग्रजी असेल आणि तिचा अक्षरसंच केवळ आस्कीचा (इंग्रजी अक्षरांपुरता) राहिला असेल, तर देवनागरीला त्यात जागाच नसते. मेलमन डॉट सीएफजीमध्ये त्या भाषेच्या विभागात अक्षरसंच यूटीएफ-८ असा लिहून कोअर पुन्हा सुरू करावे.

याच वाचकांनी पुढे विचारले आहे, की हायपरकिटीमध्ये मराठी पत्रे नीट दिसतात, पण अंगठ्याचे चित्र असलेले पत्र मात्र जमा होत नाही. तुम्ही मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरता असे लिहिले आहे, तिथेच याचे उत्तर आहे. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ अक्षरसंच एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचे चिन्ह तीन बाइटांत बसते, इमोजीला चार लागतात. डेटाबेस आणि त्यातली कोष्टके ‘यूटीएफ८एमबी४’वर आणावीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ पोस्टग्रेएसक्यूएल घ्यावे. एसक्यूलाइट ठीक आहे, पण चाचणीपुरतेच.

आमच्या मराठी मंडळाच्या लिस्टवर याहूच्या पत्त्यावरून आलेले पत्र जीमेलवाल्या सभासदांना पोहोचत नाही, आणि काही दिवसांनी त्या सभासदांचेच मेल बंद होतात. (न्यू जर्सी)

याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे (बनावट प्रेषक ओळखण्याच्या नियमाचे) धोरण कडक केले. ‘आमच्या नावाने आलेले पत्र आमच्या सहीशी किंवा सर्व्हरशी जुळले नाही तर ते नाकारा’ असे त्या धोरणाने इतरांना सांगितले जाते. मेलिंग लिस्ट नेमके तेच करते जे या तपासणीत नापास होते. पत्र तुमच्या सर्व्हरवरून जाते, विषयात लिस्टचे नाव लागते, खाली तळटीप लागते आणि मूळची डीकिम सही (पाठवणाऱ्या डोमेनची डिजिटल मोहोर) मोडते. जीमेल पत्र परत करते. ते परतीचे पत्र मेलमन जीमेलच्या सभासदाच्या नावावर मांडते, एका दिवसाला फार तर एक गुण, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ५ गुण झाले की त्याचे मेल थांबते. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला!

पोस्टोरियसमध्ये लिस्टच्या सेटिंग्जमध्ये डीमार्कचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे प्रेषकाच्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याचा पर्याय निवडावा. मग पत्र ‘अमुक, लिस्टमार्फत’ असे दिसते आणि तुमच्या स्वतःच्या डोमेनच्या नावाने तपासले जाते. अर्थात त्यासाठी तुमच्या डोमेनची एसपीएफ नोंद (तुमच्या नावाने पत्र पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची यादी), डीकिम सही आणि सर्व्हरच्या आयपीची उलट डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) जागेवर हवी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या अटी अधिक काटेकोर केल्या आहेत. थांबलेल्या सभासदांचे मेल सेटिंग बदलल्यावर पुन्हा चालू करून द्यायला विसरू नका.

मी वाचनालयाचा सचिव आहे, वय ७१. सर्व्हर एक तरुण मित्र सांभाळतो. अडलेली पत्रे मी सोडावीत असे त्याचे म्हणणे आहे, पण माझ्या हातून लिस्टच पुसली जाईल अशी भीती वाटते. (सातारा)

तुमच्या मित्राला सांगून स्वतःला ‘मालक’ न करता फक्त ‘मॉडरेटर’ करून घ्या. मॉडरेटरला लिस्ट पुसता येत नाही. तुमच्या कामाची पाने दोनच. पहिल्यावर अडलेली पत्रे दिसतात. विषयावर क्लिक केले की पत्र उघडते आणि तिथे स्वीकारा, परत पाठवा, टाकून द्या असे पर्याय असतात. ‘परत पाठवा’ने लेखकाला नकाराचे पत्र जाते, ‘टाकून द्या’ने काहीच जात नाही. म्हणून ओळखीच्या माणसाचे पत्र नाकारताना ‘परत पाठवा’ आणि जाहिरातदारासाठी ‘टाकून द्या’ वापरावा. दुसऱ्या पानावर सभासद होण्याचे अर्ज येतात.

मित्राने तीन गोष्टी आधी करून द्याव्यात. सभासदत्वाचे धोरण ‘पत्त्याची खात्री, मग मॉडरेटरची मंजुरी’ असे ठेवावे, म्हणजे यंत्रांनी भरलेले खोटे अर्ज तुमच्यापर्यंत येणार नाहीत. सभासदांची यादी फक्त मॉडरेटरांना दिसेल असे पाहावे. आणि ‘मेलमन नोटिफाय’ ही कमांड रोज सकाळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) चालवावी. मग काही अडले असेल त्याच दिवशी तुम्हाला स्मरणपत्र येईल. ते आले नाही तर त्या दिवशी संगणक उघडण्याची गरज नाही.