मातीचं भांडं, काळा दगड आणि क्लायमेट चेंज

प्रश्न: मागे एका म्युझियममधे सिरॅमिकचं प्रदर्शन बघितलं. भांड्यांशेजारी बेसॉल्टचे दगड मांडलेले, भिंतीवर तापमानाचे आलेख, आणि बोर्डवरची माहिती सगळी डोक्यावरून गेली. भांडी सुंदर होती हो, पण दगड आणि कार्बनचा त्यांच्याशी काय संबंध? की हल्ली कशालाही क्लायमेट चेंज चिकटवायची फॅशन आलीये?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: फॅशन आहेच, नाही कशाला म्हणू. पण इथे संबंध खरा आहे, बोर्ड लिहिणाऱ्यांनी तो नीट सांगितला नसावा.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, अगदी पातळ सोडावॉटरच म्हणा, आणि तेच पाणी दगडाला हळूहळू खातं. दगडातलं कॅल्शियम नदीतून समुद्रात जातं, तिथे त्याची चुनखडी होऊन तळाशी बसते आणि हवेतला थोडा कार्बन तिच्यात अडकून पडतो. मागे जे उरतं ती चिकणमाती, म्हणजे तुमच्या भांड्याचा कच्चा माल! आपला दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि तो ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, त्यामुळे या कामात त्याचा वाटा मोठा. फक्त हे सगळं लाखो वर्षांच्या हिशोबात चालतं, आपण शे-दीडशे वर्षांत जाळलेला कोळसा तो निस्तरेल अशी आशा नको.

आता भट्टी. साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ती परत चिखल होत नाही, एका अर्थी माणसाने दगडच बनवला. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या भांड्यांना, तर १२०० अंशांच्या आसपास जावं लागतं, ते इंधन कुठून येणार? गुजरातेत मोरबीला टाइल्सचे बरेच कारखाने कोळशाच्या गॅसवर चालायचे, २०१९ मधे राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) कोळशापासून गॅस करणारे ते गॅसिफायर बंद करायला लावले. माझं मत विचाराल तर असल्या प्रदर्शनात प्रत्येक भांड्याखाली माती कुठली आणि भट्टी कशावर पेटवली एवढं लिहिलं तरी पुरे, आलेख नसले तरी चालतील.

आणि भांडी आणि हवामान यांच्या संबंधाचं जुनं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० ते १००० च्या थरांत जोर्वे पद्धतीची भांडी मिळतात, लालसर, वर काळी नक्षी, तोटीवाली, चांगली भाजलेली, टिचकी मारली की खणखणतात. नंतरच्या थरांत भांडी जाडीभरडी होतात, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, गहू कमी होतो. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण पाऊस कमी झाला असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, आणि नुसतं भांडं बघून पाऊस किती पडला ते कुणी सांगू शकत नाही, त्याला बिया, हाडं, नदीचा गाळ असं सगळं जोडून बघावं लागतं. असं जोडून दाखवलेलं प्रदर्शन असेल तर मी तिकीट काढून जाईन.

प्रश्न: मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी शेतातल्या काळ्या मातीचं भांडं करायचंय, पण वाळताना तडे जातायत. काय करू?
– एक आई, बारामती

उत्तर: तडे जाणारच. काळ्या मातीतले कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना तेवढेच आकसतात, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या त्यामुळेच. थोडी बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळा, कुंभार लीदही घालतात पण घरात तेवढं नको. उन्हात न ठेवता सावलीत, वरून ओलसर फडकं टाकून सावकाश वाळवा. आणि हो, घरच्या गॅसवर भाजायला जाऊ नका, आत ओल राहिली असेल तर वाफ होऊन भांडं फुटतं आणि तुकडे उडतात.