एमएमएसईमध्ये २८, मोकामध्ये २२: पार्किन्सन्सच्या रुग्णाबाबत कोणता आकडा खरा?

तुमच्या वडिलांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, शिक्षण सातवीपर्यंतचे आहे, आणि एका महिन्यात दोन ठिकाणी केलेल्या, स्मरण व विचारशक्ती तपासणाऱ्या एमएमएसई आणि मोका या छोट्या चाचण्यांत त्यांना ३० पैकी अनुक्रमे २८ आणि २२ असे गुण मिळाले. यांतील एक चाचणी चुकली असावी, अशी तुमची शंका आहे. अनेक वर्षे या चाचण्या घेतल्यामुळे सांगू शकतो, की दोन्ही बरोबर घेतलेल्या असूनही असा फरक पडतो.

१९७५ साली आलेल्या एमएमएसईमध्ये ३० पैकी १० गुण तारीख, वार, गाव, मजला अशा प्रश्नांना आहेत. भाषेचे प्रश्नही बरेच आहेत. मात्र नियोजन, एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवणे यांची परीक्षा त्यात जवळजवळ नाहीच. पार्किन्सन्समध्ये बहुधा आधी ढासळतात त्या नेमक्या याच क्षमता, आणि त्यांच्या जोडीला आकृतीची व जागेची जाण. त्यामुळे या आजारात २८ गुण आले म्हणून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोकामध्ये अंक व अक्षरे आलटून पालटून जोडणे, घनाकृती उतरवणे, घड्याळ काढणे हे सारे असल्याने ती अधिक संवेदनशील ठरते.

पण संवेदनशील चाचणी निरोगी माणसालाही सहज अडकवते. न्यूझीलंडमधील २०१० च्या एका अभ्यासात, पार्किन्सन्सच्या रुग्णांमधील सौम्य बौद्धिक घट ओळखण्यासाठी मोकाची २६ पेक्षा कमी ही मर्यादा वापरली, तेव्हा संवेदनशीलता ९० टक्के (म्हणजे घट असलेल्यांपैकी इतके पकडले गेले) आणि विशिष्टता ७५ टक्के (म्हणजे घट नसलेल्यांपैकी इतके बरोबर वगळले गेले) आढळली. आता समजा, १०० रुग्णांपैकी २० जणांना खरोखर घट आहे. चाचणी त्यांतील १८ जणांना पकडेल, पण उरलेल्या ८० पैकी २० जणांवरही तोच शिक्का मारेल. म्हणजे ‘कमी’ ठरलेल्या ३८ जणांपैकी निम्म्याहून कमी लोकांत खरी घट असेल. घट असलेले २० ऐवजी ४० धरले, तर ५१ पैकी ३६ जणांचा निकाल खरा ठरतो. अहवालावर हा हिशेब कधीच छापलेला नसतो. त्याच अभ्यासात स्मृतिभ्रंशासाठी मर्यादा २१ पेक्षा कमी अशी होती. त्या मापाने २२ गुण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे, सखोल तपासणीची गरज.

शिवाय शिक्षणाचा प्रश्न आहे. बारा वर्षे किंवा त्याहून कमी शालेय शिक्षण असल्यास मोकामध्ये एक गुण वाढवून देतात. तो २२ मध्ये धरला आहे का, हे आधी पाहावे. सातवीनंतर हातात पेन्सिल न धरलेल्या माणसाला घनाकृती उतरवता आली नाही, तर त्याचा अर्थ लावताना एका गुणाची भर मला तरी अपुरी वाटते. निरक्षर वृद्धांसाठी हरयाणातील बल्लभगड येथे एमएमएसईचे हिंदी रूप घडवले गेले, ते याच अडचणीमुळे. (आजची एकादशी अचूक सांगणारे, पण इंग्रजी तारखेला अडखळणारे आजोबा मी अनेक पाहिले आहेत. काटेकोर गुणांकनात त्यांना शून्यच द्यावे लागते.)

चाचणीच्या वेळी लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाचा परिणाम उतरलेला होता का, झोप झाली होती का, मन खिन्न होते का, हेही विचारा. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू असल्यास डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला, कारण वृद्धांची स्मरणशक्ती त्याने मंदावू शकते. मात्र ते स्वतःहून बंद करू नका. स्मृतिभ्रंशाचे निदान करताना दैनंदिन व्यवहारही पाहतात. गोळ्यांच्या वेळा, बँकेतील काम, सुट्टे पैसे यांत गेल्या वर्षात बदल झाला असेल आणि तो निव्वळ कंपामुळे वा ताठरपणामुळे नसेल, तर ती नोंद न्यूरॉलॉजिस्टला फार उपयोगी पडते.

दोन आकड्यांपेक्षा मोकाचा मूळ कागद मिळवा. गेलेले गुण आकृत्या आणि जोडणीत गेले, की आधी सांगितलेले पाच शब्द नंतर आठवण्यात, हे त्यावरून कळेल. शब्द स्वतःहून न आठवता इशारा दिल्यावर आठवले असतील, तर तीही नोंद बहुधा तिथे असते. तिला गुण नाहीत, पण मी तो कागद हातात घेतला की आधी तिथेच पाहतो.