'संदेश', 'निरोप' की 'वर्दी'?

प्रश्न थोडक्यात असा: संगणकशास्त्रावरच्या एका मराठी व्याख्यानासाठी वाक्य तयार झालंय, 'क्लासिफायर सिस्टीम म्हणजे पर्यावरणाकडून आलेल्या संदेशांवर नियमांच्या आधारे प्रक्रिया करणारी वर्गीकारक प्रणाली.' शब्दाला शब्द बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही उमटत नाही. यातला कुठला शब्द बदलावा? 'संदेश' काढून 'निरोप' घातला तर?

आधी 'पर्यावरण' काढा. मराठीत तो शब्द आला की झाडं, प्रदूषण आणि पाच जूनची भाषणं आठवतात. इथे अर्थ एवढाच की यंत्रणेच्या बाहेर जे काही आहे ते. १९८३ साली डेव्हिड गोल्डबर्ग यांनी मिशिगन विद्यापीठातल्या प्रबंधात अशी यंत्रणा गॅसच्या पाइपलाइनवर लावली. तिथे पाइपलाइन हेच 'पर्यावरण'. 'भोवताल' हा शब्द पुरेसा आहे. 'प्रक्रिया'ही नको. आपल्याकडे प्रक्रिया सांडपाण्यावर होते, फळांवर होते, आणि मूळ वस्तू वेगळी होऊन बाहेर पडते. इथे आलेला संदेश आहे तसाच राहतो, नियम तो फक्त ताडून पाहतात.

आता मुख्य शब्द. त्यासाठी आत काय चालतं ते बघायला हवं, नाहीतर ही चर्चा नुसती कोशांची होईल.

क्लासिफायर सिस्टीमची कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची. १९७८ मध्ये त्यांनी जूडिथ रायटमन यांच्याबरोबर सीएस-१ ही पहिली चालती यंत्रणा मांडली. या घराण्यात 'मेसेज' म्हणजे ठरावीक लांबीची शून्य-एकची माळ, त्यापलीकडे काही नाही. बाहेरचं जग टिपणारे डिटेक्टर ही माळ तयार करतात. स्ट्युअर्ट विल्सन यांच्या १९८५ च्या 'ॲनिमॅट'चं उदाहरण घ्या. चौकटींच्या रानात फिरणारा हा संगणकी प्राणी. त्याला भोवतालच्या आठ चौकटी दिसतात आणि प्रत्येक चौकटीसाठी दोन अंक मिळतात: खाऊ असेल तर ११, झाड असेल तर ०१, रिकामी असेल तर ००. आठ दुणे सोळा अंकांची माळ, हेच त्याचं सगळं दिसणं.

हॉलंड यांच्या मूळ रचनेत ही माळ एका यादीवर लागते. ती कोणाच्या नावे नसते. सगळे नियम एकाच वेळी यादी वाचतात आणि ज्याची अट जुळेल तो उठतो. गावात दवंडी पिटली की ज्याचा सातबारा असेल तो कान टवकारतो, बाकीचे आपल्या कामाला लागतात, तसं. म्हणून 'निरोप' इथे बसत नाही. निरोपाला घेणारा लागतो. 'काकांना निरोप सांग' यात काका आधी ठरलेले असतात. (शिवाय निरोप समारंभ आहेच.)

'वर्दी' मात्र मला फार जवळची वाटते. 'अग्निशमन दलाला आगीची वर्दी मिळाली' हे वाक्य वर्तमानपत्रात नेहमीचं. बाहेर काहीतरी घडलं, त्याची खबर आत आली, आता ज्याचं काम त्याने उठावं, हा सगळा भाव त्या एका शब्दात आहे. वर्दी म्हणजे गणवेश हा अर्थ हिंदीतून येऊन बसलाय खरा. पण रिक्षावाले शाळेच्या मुलांच्या ठरलेल्या फेरीला अजून वर्दीच म्हणतात, म्हणजे शब्द जिवंत आहे.

अडचण वेगळीच आहे. यादीवर फक्त बाहेरच्या खबरी नसतात. उठलेला नियमही आपली माळ त्याच यादीवर लावतो, आणि जीभ किंवा पाय हलवणाऱ्या टोकाला द्यायचा हुकूमही त्याच रूपात जातो. बाहेरची खबर, आतला विचार आणि हुकूम या तिन्हींची लांबी एक, जागा एक. कोणती कुठली ते सुरुवातीच्या एक-दोन अंकांच्या खुणेवरून कळतं. हुकुमाला कुणी वर्दी म्हणत नाही. तेव्हा तिघांसाठी पारिभाषिक शब्द 'संदेश'च ठेवावा आणि डिटेक्टरकडून येणाऱ्या संदेशापुरतं 'वर्दी' म्हणावं, असं माझं मत.

एक फेरा करून बघू. बेडकाचं उदाहरण या विषयात जुनं आहे. खालचे आकडे मात्र माझे. सहा अंकांची माळ: पहिले दोन खुणेचे (०० बाहेरची वर्दी, ०१ आतला संदेश, १० हुकूम), पुढचे चार म्हणजे समोरची वस्तू हलते का, लहान आहे का, जवळ आहे का, पट्टेदार आहे का. समोर माशी आली, वर्दी लागली ००१११०.

पहिल्या नियमाची अट ००१११#, दुसऱ्याची ००१###. हे # चिन्ह म्हणजे त्या जागी शून्य असो की एक, फरक पडत नाही. याला 'दुर्लक्ष-चिन्ह' वगैरे म्हणण्यापेक्षा सरळ 'चालेल' म्हणावं. दुसरी अट मोठ्याने वाचा: शून्य, शून्य, एक, चालेल, चालेल, चालेल. श्रोत्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. (नियमाच्या उत्तरात # आला तर अर्थ बदलतो: जुळलेल्या संदेशातला त्या जागचा अंक जसाच्या तसा उचलायचा. तिथे 'चालेल' चालणार नाही.)

दोन्ही नियम जुळले. आता लिलाव. बोली ठरते दोन गोष्टींवर: नियमाची आजवर कमावलेली पत आणि अट किती नेमकी आहे ते. पहिल्याची पत १८०, सहापैकी पाच जागा नेमक्या; १८०चा दहावा हिस्सा १८, त्याचे सहापैकी पाच भाग म्हणजे बोली १५. दुसऱ्याची पत २००, पण नेमक्या जागा तीनच, म्हणून बोली १०. एकालाच जागा असेल तर पहिला जिंकतो, १५ मोजतो आणि यादीवर 'भक्ष्य आहे' अशा अर्थाचा ०१०००१ लावतो. जुनी वर्दी पुसली जाते. यादीवरचं आयुष्य एका फेऱ्याचं. काही लक्षात ठेवायचं असेल तर कुठल्या तरी नियमाने ते पुन्हा लावावं लागतं.

पुढच्या फेऱ्यात ०१०००१ हीच अट असलेला तिसरा नियम उठतो. त्याची पत १२०, सगळ्या जागा नेमक्या, बोली १२. हे १२ त्याच्याआधी संदेश लावणाऱ्या पहिल्या नियमाला मिळतात. तिसरा जिभेला हुकूम देतो, माशी तोंडात, आणि भोवतालाकडून बक्षीस, समजा, ६०. या खेपेला पहिला नियम तीनने तोट्यातच आहे. पण तिसऱ्याची पत आता १६८ झाली, म्हणजे पुढच्या माशीला तो पहिल्याला १६.८ देईल, आणि पहिल्याची बोली तेव्हा १४.७५ असेल. बक्षीस असं एकेक पायरी मागे झिरपतं. हॉलंड यांनी या देण्याघेण्याला 'बकेट ब्रिगेड' म्हटलं, आगीच्या वेळी रांगेतून हातोहात जाणाऱ्या बादल्यांवरून. मराठीत 'हातोहात' एवढाच शब्द घेतला तरी भागेल. याच पतीच्या जोरावर पुढे जनुकीय अल्गोरिदम (उत्क्रांतीच्या धर्तीवर चालणारी पद्धत) नवे नियम जन्माला घालतो, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

ढोबळ नियम एरवी काम करतो आणि नेमका नियम आला की मागे सरतो, या मांडणीला नवं नाव शोधत बसू नका. पाणिनीय व्याकरणात उत्सर्ग (सर्वसाधारण नियम) आणि अपवाद ही जोडी आहेच. फरक इतकाच की तिथे अपवाद बलवान हे ठरलेलं असतं. इथे त्याला बोली लावून जिंकावं लागतं. वरच्या दुसऱ्या नियमाची पत ३०० च्या पुढे गेली तर उत्सर्गच अपवादाला हरवेल.

राहिला 'वर्गीकारक'. नियमाला 'क्लासिफायर' का म्हटलं? कारण प्रत्येक अट संदेशांचा एक वर्ग पाडते: ००१११# मध्ये दोन संदेश बसतात, ००१### मध्ये आठ. तेव्हा शब्द चुकीचा नाही, पण आजचा श्रोता तो ऐकून मांजर की कुत्रा ओळखणारा प्रोग्राम समजेल. तुमच्या वाक्यात तर अख्खी प्रणालीच वर्गीकारक झालीय, तिथे गफलत आहे. वर्गीकारक म्हणजे एकेक नियम. एकदा तसं सांगून टाका आणि पुढे 'नियम'च म्हणा.

व्याख्यान विल्सन यांच्या १९९४ च्या झेडसीएस किंवा १९९५ च्या एक्ससीएस या नंतरच्या क्लासिफायर सिस्टीमवर असेल, तर तिथे संदेशांची यादीच काढून टाकलेली आहे. वर्दी येते, जुळणाऱ्या नियमांचा गट होतो, त्यातून कृती निवडली जाते. त्यासाठी नुसतं 'वर्दी' पुरेल. हॉलंड यांच्या रचनेसाठी माझं वाक्य असं: 'भोवतालाकडून आलेली वर्दी यादीवर लागते, जुळणारे नियम बोली लावतात आणि जिंकलेले नियम पुढचे संदेश लावतात.'