केल्प म्हणजे समुद्रातलं गवतच ना? ते नाहीसं झालं तर एवढं काय बिघडतं?

गवत तर नाहीच, काटेकोरपणे पाहिलं तर वनस्पतीही नाही. समुद्री गवत वेगळं, त्याला फुलं येतात. केल्प हे तपकिरी शैवाल. त्याला मुळं नसतात. बुडाशी बोटांसारखा एक गुंता असतो, त्याने ते खडकाला धरून राहतं आणि पोषण अख्ख्या अंगाने पाण्यातून घेतं. जायंट केल्पच्या प्रत्येक पात्याला हवेचा फुगा असतो, म्हणून ते उभं राहतं. थंड पाण्यात दिवसाला अर्धा मीटर वाढू शकतं, 30 मीटरच्याही वर जातं.

बिघडतं काय, याचं उत्तर डार्विनने 1834 मध्येच दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केल्प पाहून दिलं होतं: जमिनीवरचं जंगल तुटलं तरी इतक्या जाती मरणार नाहीत, जितक्या इथलं केल्प गेल्याने मरतील.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट सी अर्चिन या समुद्री प्राण्याची आहे. हे काटेरी गोळे केल्पचे जन्मजात वैरी वगैरे नाहीत. केल्प दाट असेल तर ते कपारीत बसून राहतात आणि वरून तुटून येणारा पाला खातात. जेवण घरपोच मिळत असताना बाहेर कोण पडतो? शिकारी कमी झाले किंवा पाला यायचा थांबला, की मात्र ते निघतात आणि उभ्या केल्पचं बूड कुरतडतात. बूड सुटलं की सगळं केल्प लाटेबरोबर जातं. खाल्लं मूठभर, गेलं झाडभर.

अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर फरसाठी समुद्री पाणमांजरांची, म्हणजे अर्चिन खाणाऱ्या शिकाऱ्यांचीच, बेसुमार शिकार झाली. 1911 च्या करारानंतर ती थांबली. पुढे एस्टेस आणि पाल्मिसानो या संशोधकांनी तिथल्या बेटांची तुलना करून 1974 मध्ये दाखवलं, की पाणमांजरं परतली तिथे केल्प आहे, नाहीत तिथे अर्चिन आणि उघडा खडक.

उत्तर कॅलिफोर्नियात वेगळ्याच वाटेने हेच झालं. 2013 पासून रोगाने अर्चिन खाणारे मोठे तारामासे मेले, पाठोपाठ 2014 ते 2016 समुद्र तापला, आणि तिथलं 90 टक्क्यांहून जास्त बुल केल्प (केल्पचीच एक जात) गेलं.

मग उपाशी अर्चिन मरत का नाहीत? कारण ते अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरतात. आतून पोकळ झालेले असतात, त्यामुळे पाणमांजरंही त्यांना तोंड लावत नाहीत. शिकारी हजर असूनही खडक उघडाच राहतो, तो यामुळे.

केल्प लावून हवामानबदल थांबवू, असंही हल्ली वाचायला मिळतं. मी जरा सावध राहीन. केल्प खडकावर उगवतं, खाली कार्बन गाडून ठेवणारा चिखल नाही. कार्बन टिकायचा तर पाला वाहत खोल समुद्रात जाऊन पडावा लागतो, आणि बराचसा त्याआधीच कुजतो किंवा खाल्ला जातो.

अर्चिन हटवले आणि पाणी थंड राहिलं, तर केल्प एकदोन वर्षांतही परत येऊ शकतं. म्हणून कॅलिफोर्नियात काही ठिकाणी पाणबुडे हातोडी घेऊन खाली उतरतात आणि एकेक अर्चिन फोडतात.